अबक, मागची खोली

१

बारक्या नावाचा माणूस बारीक असायलाच हवा, असं कुठं लिहिलंय? ताईच्या पाठचा म्हणून तो बारक्या. अंगानं म्हणाल तर ताईच्या मागच्या खोलीतली ती फिरती खुर्ची तो टेकल्याबरोबर फुस्स करून खाली जायची आणि तो उठला की कण्हत कण्हत वर यायची. दर खेपेला ताई म्हणायची, "मोडशील रे माझी खुर्ची!" आणि दर खेपेला तो म्हणायचा, "मोडली तर नवीन आणीन. आधी तुझं हे लचांड निस्तरू दे."

लचांड म्हणजे ताईचा प्रबंध. विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदतवाढ शुक्रवारी संपत होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द म्हणजे कॉलेजातली तिची हंगामी नोकरीही हातची जाणार. इतकी वर्षं घासून शेवटी हातात धुपाटणं. म्हणून बारक्यानं आठवडाभराची रजा टाकली होती. तो औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं तपासायचा. टिंब इकडचं तिकडं झालं तर माणूस दगावेल, असं तो घरीदारी सगळ्यांना ऐकवायचा. तेव्हा संदर्भसूचीचं काम त्याच्याच गळ्यात पडणार, हे उघड होतं.

आणि काय ते काम! आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षर, मग टिंब, मग कंसात वर्ष, कंसाबाहेर पुन्हा टिंब, पुस्तकाचं नाव तिरकं पण लेखाचं सरळ. बरं, हे सगळं आपण हातानं नीट करावं, तर "यादी अपडेट करा" या बटणाला धक्का लागायचा अवकाश, की त्या फाइलनं सगळ्यावर बोळा फिरवून पुन्हा स्वतःच्या मनासारखं लिहिलंच म्हणून समजा. बारक्या दिवसभर त्या स्क्रीनशी भांडायचा. ताई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अरे, ते यंत्र आहे. त्याला कशाला शिव्या देतोस?"

"यंत्र नाही, दावेदार आहे मागच्या जन्मीचा!"

प्रबंधाचा विषय होता एकट्यानं राहणाऱ्या माणसांची घरं. ताईनं अशा कितीतरी माणसांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या होत्या. आता गंमत बघा, की वर्षभरापूर्वी आई नातवंडांच्या ओढीनं बारक्याकडे राहायला गेली आणि तेव्हापासून ताईही या दोन खोल्यांत एकटीच होती. हे कोणी मोठ्यानं बोलत नसे.

२

सोमवारी चौथ्या प्रकरणात गाडी अडली.

"ताई, हे वाक्य कुठलं? याला संदर्भच नाही."

ताई हात पुसत आली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. वाक्य असं होतं: दीर्घकाळ एकटी राहणारी व्यक्ती घरात दुसऱ्याच्या वावरासाठी नकळत जागा करू लागते, आणि अशी जागा रिकामी राहत नाही.

"कुठंतरी वाचलंय मी."

"कुठंतरी म्हणजे?"

"अरे, वाचलंय, नाहीतर कोणीतरी सांगितलंय. नक्की आठवत नाही. पण त्याच्यावर अख्खं प्रकरण उभं आहे, ते काढायचं नाही. आणि संदर्भ नसेल तर मॅडम माझी सालटी काढतील."

मॅडम म्हणजे ताईच्या मार्गदर्शक. त्यांच्या लाल पेनाला बारक्या प्रत्यक्ष न भेटताच घाबरायचा.

तो वैतागला होता, त्यात भूक लागली होती. फाइलमध्ये अशी सोय असते, की संदर्भ हाताशी नसेल तर नुसती जागा धरून ठेवायची. गाडीत रुमाल टाकून ठेवतो ना आपण, तसं. यादीत त्या नावापुढं प्रश्नचिन्ह दिसतं, आणि माहिती भरेपर्यंत ते छापील सूचीत काही येत नाही. नाव काय द्यायचं याचा बारक्यानं फार विचार केला नाही. त्यानं "अबक" असं टाइप केलं. वाक्याच्या शेवटी कंसात (अबक) आलं आणि यादीत अबकपुढं प्रश्नचिन्ह आलं.

"तू शोध सावकाश, सापडलं की भर," तो म्हणाला आणि जेवायला उठला. खुर्ची कण्हत वर आली.

३

मंगळवारी दुपारी त्यानं सूची छापून बघितली. पहिल्याच ओळीत अबक.

बारक्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. अबक. पुढं कंसात चालू वर्ष. पुढं मुलाखत. पुढं जिना. आणि टिंब. सगळी विरामचिन्हं जागच्या जागी होती, इतकी की त्याला स्वतःला ती कधी जमली नव्हती.

"ताई! मुलाखत होती तर आधी सांगायचंस ना! आणि जिना हे काय ठिकाण झालं?"

"कसली मुलाखत?"

"अबकची. भरलीस ना तू माहिती?"

"मी हातसुद्धा लावला नाही तुझ्या त्या यादीला. तूच भरलं असशील आणि विसरला असशील. डोकं कुठं असतं तुझं?"

झालं. दोघांत तू-तू मैं-मैं झाली. बारक्यानं ती ओळ हातानं खोडली, यादी अपडेट केली, आणि ओळ परत हजर. मग तो संदर्भांच्या खिडकीत शिरला. तिथं दोन याद्या असतात, एक मुख्य आणि एक या फाइलपुरती, आणि दोन कशाला हव्यात हे त्या बनवणाऱ्यालाच ठाऊक. अबकपुढचं प्रश्नचिन्ह गेलं होतं. तिथं बरोबरची खूण होती. त्यानं या यादीतून अबक काढायला घेतला तर निरोप आला, की मजकुरात उल्लेख असलेला संदर्भ काढता येत नाही. मुख्य यादीतून काढला, खिडकी बंद करून उघडली, तर तो पुन्हा दोन्हीकडं होता.

"मरो," बारक्या म्हणाला आणि पुढच्या संदर्भाकडं वळला. शुक्रवार तोंडावर आला होता, एका ओळीपायी किती वेळ घालवणार? मॅडमना चौथं प्रकरण पाठवायचं होतं, त्यानं अख्खी फाइलच जशीच्या तशी पाठवून दिली.

बाहेर जिन्यावर कोणीतरी वर येत होतं. पावलं मजल्यावर आली आणि थांबली. शेजारच्यांचं कुलूप वाजेल म्हणून त्यानं कान दिला, पण कुलूप काही वाजलं नाही.

४

बुधवारी ताईनं चहा आणला. ट्रेमध्ये तीन कप होते.

"तिसरा कोणाला?"

ताईनं कपांकडं पाहिलं. "अगं बाई! चुकून ओतला. घे, तूच घे दोन, नाहीतरी तुला एकानं काय होतंय."

बारक्या दोन कप प्यायला आणि हसला. पण आता त्याची लेबलं तपासणारी नजर जागी झाली होती. हात धुवायला गेला तर ताईच्या टॉवेलशेजारी दुसरा टॉवेल, कोरा, घडी मोडलेला. मागच्या खोलीतलं कपाट उघडलं तर ताईच्या साड्या सगळ्या एका बाजूला दाटीवाटीनं कोंबलेल्या आणि दुसरी बाजू रिकामी, पुसून लख्ख केलेली. पुढच्या खोलीत ताई सोफ्यावर बसायची ती अगदी कडेला, अंग चोरून. एवढा मोठा सोफा, आणि ही बाई पडेल की काय अशी बसते.

"नीट बस की."

"बसलेय की नीट."

आईची सवय असेल, तो मनाशी म्हणाला. इतकी वर्षं दोघी राहिल्या. आईचा टॉवेल, आईचा कप्पा, आईची सोफ्यावरची जागा. माणूस गेलं तरी हात जुन्याच वळणानं चालतात. हे त्याला पटलं, आणि आईला आपणच घेऊन गेलो हे आठवून थोडं टोचलंही.

मग त्यानं पाचवं प्रकरण सूचीसकट छापायला घेतलं. छापताना ही फाइल आपण न सांगता यादी अपडेट करते, हा आणखी एक चावटपणा. कागद हातात आला. अबक. चालू वर्ष. मुलाखत. दाराबाहेर.

काल जिना होता, हे त्याला चांगलं आठवत होतं. कालचा कागद शोधला तर त्याच्या पाठीवर ताईनं वाणसामानाचं काहीतरी लिहून तो कुठंतरी नेला होता. म्हणजे पुरावाही नाही. बारक्या उठला, पुढं गेला आणि दार उघडून बघितलं. बाहेर चपला होत्या, त्याच्या आणि ताईच्या, आणि ताईच्या चपला भिंतीकडं सरकवून मधे जागा मोकळी ठेवलेली होती. त्यानं दार लावून घेतलं. कडी घातली. भर दुपारी कडी का घालतोयस, असं ताईनं विचारलं तेव्हा तो तिच्यावर विनाकारण खेकसला.

५

गुरुवारी मॅडमचा फोन आला. ताई आंघोळीला गेली होती म्हणून बारक्यानंच उचलला, आणि आता आपली बोलती बंद होणार म्हणून उभा राहिला.

"चौथं प्रकरण उत्तम झालंय," मॅडम म्हणाल्या. "तो अबकच्या मुलाखतीचा संदर्भ मला फार आवडला. नाव गुप्त ठेवलंत हे योग्यच. आणि मुलाखतीचा मजकूर परिशिष्टात जोडलात, ते बरं केलंत."

"परिशिष्टात?"

"शेवटचं परिशिष्ट हो. फक्त उत्तरं टाइप करायची राहिलीत, ती उद्या भरून टाका."

बारक्यानं फाइल उघडली. इतके दिवस या फाइलच्या मानगुटीवर बसलेला माणूस तो, पण हे परिशिष्ट त्यानं कधी पाहिलं नव्हतं. प्रश्न होते. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराची जागा कोरी होती, कुठं ओळभर, कुठं अर्धं पान. प्रश्न ताईचेच होते, कारण दर दोन प्रश्नांमागं तिचं ते "बरं, मग?" होतं. समोरच्याला बोलतं करायची तिची ती जुनी खोड.

तुम्ही इथं कधीपासून आहात? बरं, मग? वर यायला तुम्हाला कोणी सांगितलं? इथं बसायला जागा पुरते का? कपाटात आणखी जागा करून देऊ का? माझा भाऊ येतो, त्याचा त्रास होत नाही ना? बरं, मग?

आणि सर्वांत शेवटी: तो गेल्यावर बोलू या का?

न्हाणीघरातून ताई केस पुसत आली.

"हे तू लिहिलंस?"

तिनं वाचलं. बराच वेळ लावला. "प्रश्न माझेच वाटतात," ती म्हणाली. "इतक्या मुलाखती घेतल्या रे, कुठल्यातरी घरची असेल."

"भाऊ येतो म्हणे! कोणाचा भाऊ?"

"बरं, मग?" ताई म्हणाली, आणि लगेच तिचं तिलाच कसंतरी वाटलं. ती केस पुसत राहिली.

दुपारी ती जरा आडवी झाली, तेव्हा बारक्यानं चौथ्या प्रकरणातला (अबक) हा कंस गुपचूप खोडला. खूण गेली. मग त्यानं दोन्ही याद्यांतून अबक काढून टाकला, फाइल साठवली, आणि स्वतःवर खूश होऊन गॅलरीत जाऊन उभा राहिला. परत आला तर कंस जागेवर. त्याला रडू यायचं बाकी होतं.

"मीच घातला परत," ताई दारातून म्हणाली. "तू का काढलास?"

"कारण ते खोटं आहे! मी घातलंय ते नाव, वैतागून घातलंय! असा कोणी नाहीच!"

"संदर्भाशिवाय मॅडम ते वाक्य ठेवू देणार नाहीत. ते गेलं की प्रकरण गेलं, प्रकरण गेलं की मी गेले. उद्या शुक्रवार आहे, बारक्या."

"मग वाक्यच काढ!"

ताई खाटेच्या कडेला टेकली. कडेला, अंग चोरून. "ते वाक्य खरं आहे," ती म्हणाली. "तुला काय कळणार? तू एक दिवस तरी एकटा राहिलायस का? आईला नेलंत, तिचं बरंच झालं, माझं काही म्हणणं नाही. पण संध्याकाळी कुलूप उघडून आत आलं ना, की घर नुसतं अंगावर येतं. कोणीतरी असावं असं वाटतं. कोणीही चालेल."

बारक्यानं अपडेटच्या बटणावर बोट ठेवलं, दाबायचं नव्हतं तरी दाबलं. अबक. चालू वर्ष. मुलाखत. पुढची खोली.

पुढच्या खोलीत सोफ्याची स्प्रिंग वाजली. ताईनं मान वळवून तिकडं पाहिलं, आणि पुन्हा पदराशी चाळा करू लागली.

६

शुक्रवारी सगळं एकदम करायचं होतं. छपाई, बांधणी, विद्यापीठ. परिशिष्टातली उत्तरं कोरीच राहिली होती, ती तशीच जाणार होती. ताई बांधणीवाल्याकडं जाऊन बसली होती, कारण समोर बसल्याशिवाय तो नंबर लावून घेत नव्हता. बारक्यानं फाइल पेनड्राइव्हवर घेऊन धावत यायचं होतं. बांधणीवाल्यानं बजावलं होतं, "फाइल पक्की करून आणा. आमच्याकडं छापताना याद्या हलतात, मग आम्हाला बोलायचं नाही."

पक्की करायची म्हणजे काय, ते बारक्याला आता तोंडपाठ होतं. यादीवर जायचं आणि "साधा मजकूर करा" हे बटण दाबायचं. मग सूचीचा त्या याद्यांशी संबंध संपतो. ती अपडेट होत नाही, बदलत नाही. जे आहे ते कायमचं.

तो खुर्चीत बसला. खुर्ची खाली गेली. नेहमीची तपासणी म्हणून त्यानं शेवटचं एकदा अपडेट केलं आणि त्याच क्षणी स्वतःला शिवी घातली, कारण पहिल्या ओळीकडं बघायची त्याला गरजच उरली नव्हती. तरीही त्यानं बघितलं. अबक. चालू वर्ष. मुलाखत. मागची खोली.

मागच्या खोलीत तो एकटा बसला होता. पाठीमागं ताईची खाट होती. खाटेची दोरी करकरली, माणूस बसताना करकरते तितपतच. उन्हानं ताणली असेल, तो मनाशी म्हणाला. लाकूड आहे, दोरी आहे, वाजणारच. पण मान काही त्यानं वळवली नाही.

अजून एकदा अपडेट केलं तर? त्यानं हिशेब मांडून बघितला. जिना, दार, पुढची खोली, मागची खोली. पुढं काय? पुढं कदाचित खिडकी, कदाचित गॅलरी, कदाचित बाहेर, आणि मग कायमचा निघूनही जाईल. किंवा याहून जवळ. या खोलीत याहून जवळ म्हणजे ही खुर्ची. त्यानं बोट बटणावर नेलं, पुन्हा मागं घेतलं.

फोन वाजला. ताई. "अरे, आमचा नंबर आलाय! कुठं उलथलास? पाचला विद्यापीठाची खिडकी बंद होते!"

"ताई, पाच मिनिटं..."

"बारक्या, माझ्या जन्माचा प्रश्न आहे रे!"

त्यानं "साधा मजकूर करा" दाबलं. यादीभोवतीची करडी चौकट गेली. अबक आता कुठं जाणार नव्हता. बारक्यानं पेनड्राइव्ह उपटला आणि मागं न बघता धावत सुटला. जिना उतरताना त्याला जाणवलं, की आपण उठलो तेव्हा खुर्ची कण्हली नाही.

७

प्रबंध वेळेत जमा झाला. ताई विद्यापीठाच्या पायऱ्यांवर ढसाढसा रडली. बारक्याही रडला, आणि लोकांना वाटलं आनंदानं.

शनिवारी तो घरी नुसता झोपून होता. रविवारी मात्र त्याच्यानं राहवेना. बायकोशी बोलला, आईशी बोलला आणि ताईला कायमचं आपल्याकडं आणायचं ठरवून निघाला. पोरांना सोफ्यावर झोपवू, ताईला खोली देऊ. घर अंगावर येतं म्हणते ना, मग आमच्या गोंगाटात ये म्हणावं. आधीच हे सुचायला हवं होतं, असं स्वतःला बोल लावत तो जिना चढला. बाहेर ताईच्या चपला भिंतीला चिकटून होत्या. त्यानं आपल्या काढल्या आणि जागा दिसेना म्हणून हातातच घेतल्या.

त्याच्याकडं किल्ली होती. आत मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि ताईचा आवाज येत होता.

"बरं, मग?"

मग शांतता. कोणी सविस्तर उत्तर देत असलं की आपण ऐकतो, तितकी लांब शांतता. मग ताई हसली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती.

बारक्या फटीशी गेला. ताई खाटेच्या अगदी टोकाला बसली होती, मांडीवर हात, चेहरा उजळलेला. समोर फिरती खुर्ची होती, तिची पाठ दाराकडं. खुर्ची खाली गेलेली होती. तो बसायचा तेव्हा जायची त्याहूनही खाली, पार टेकलेली. रिकामी खुर्ची वर येते, कण्हत का होईना पण येते, हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं. तो बघत असतानाच ती जराशी वळली, दाराच्या बाजूला.

"तो माझा भाऊ," ताई खुर्चीला म्हणाली. "सांगितलं होतं ना मी."

बारक्या मागं सरला तो पुढच्या खोलीत येऊन थांबला. चपला अजून हातातच होत्या. ताई बाहेर आली. तिचं वजन उतरल्यासारखं वाटत होतं, पण डोळे टवटवीत होते.

"आलास होय? कधी आलास?"

"ताई, चल. आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल. सामान मागनं आणू. आईनं बोलावलंय."

"आता इथून कशी येणार रे?" ती अगदी प्रेमानं म्हणाली. "तूच सांग. पक्कं केलंस ना सगळं?"

"मी बदलतो, फाइल आहे अजून माझ्याकडं, मी ती ओळ..."

"जमा झालाय प्रबंध, बाळा. आता काय बदलायचंय? तुझे उपकार कसे फेडू तेच कळत नाही मला." तिनं लहानपणी फिरवायची तसा त्याच्या गालावरून हात फिरवला. "थांब, चहा झालाच आहे."

ती स्वयंपाकघरात गेली. चहा गाळल्याचा आवाज आला, मग बशीचा. बारक्या उभाच होता, कारण सोफ्यावर एका कडेला ताईची जागा होती आणि उरलेल्या जागेवर त्याला बसवेना. ताई ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप होते.

त्यानं हात पुढं केला. ताई त्याच्या हाताला वळसा घालून, चहा सांडू नये म्हणून सावकाश, मागच्या खोलीत गेली आणि तिनं पायानं दार लोटून घेतलं.